अण्णांचा खोकला आणि माझे उंदीर

छत्रपती संभाजीनगर,
१८ मे

प्रिय संज्या,

फोनवर सगळं अर्धवट राहिलं. तू गाडीवर होतास, आणि तू "बरं बरं, बघू की" म्हणून सोडून देशील असं ते काम नाही. म्हणून लिहायला बसलो. बारावीनंतर तुला पत्र लिहिलंच नसेल मी. अक्षराला हसू नको.

लग्नाच्या आदल्या रात्री मी तुमच्या ओसरीत कूलरसमोर झोपलो होतो. पहाटे चारला अण्णांच्या खोकल्यानं जाग आली. कोरडा, ठसक्यासारखा, बेडका नाही काही नाही. सकाळी त्यांनीच मला पाण्याचा तांब्या दिला, तेव्हा त्यांच्या बोटांकडे नजर गेली. शेंडे फुगलेले, नखं पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. मी "अण्णा, तब्येत उतरली की हो" म्हणालो, ते "उन्हाळं लागलंय रे" म्हणाले, आणि मी चहा पिऊन मोकळा झालो. मांजरसुंब्याच्या घाटात बस आली तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. सहा वर्षं ज्या आजारावर काम करतोय, तो रात्रभर माझ्या उशाशी खोकत होता, आणि मला तो परक्याचा वाटला.

मी डॉक्टर नाही, पीएचडीवाला आहे, तेव्हा हे निदान समजू नको. पण मला फुप्फुसाच्या फायब्रोसिसची शंका येतेय. फायब्रोसिस म्हणजे फुप्फुसात वण धरणं. आपलं जुनं माळवदाचं घर आठव. गळू नये म्हणून दरवर्षी मिरगाआधी वर पांढरी माती टाकायची. गळती थांबायची, पण थरावर थर साचून खालचे सर वाकायचे. किल्लारीचा भूकंप झाला १९९३ साली, त्यानंतर अण्णांनीच धसका घेऊन माती उतरवली आणि पत्रे टाकले. फुप्फुसात तसंच होतं. आत इजा झाली की फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजनचा थर घालून ती भरतात. 'टीजीएफ-बीटा' नावाचं प्रथिन त्यांना कामाला लावतं. जखम भरली की त्यांनी थांबायला पाहिजे. या आजारात त्या थांबतच नाहीत. स्पंजासारखं फुप्फुस शिळ्या भाकरीसारखं वातड होतं, श्वास घेताना फुगत नाही, आणि हवेतला प्राणवायू रक्तात नीट उतरत नाही. आणि इथं माती उतरवून पत्रे टाकायची सोय नाही.

आता कूलरचं. तू हसशील, पण आपल्या देशात फुप्फुसाच्या अशा आजारांच्या रुग्णांची एक मोठी नोंदवही २०१७ साली प्रसिद्ध झाली. १९ शहरांतले १,०८४ रुग्ण होते. त्यांत सगळ्यांत जास्त, ४७.३ टक्के, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे निघाले. म्हणजे श्वासातून आत जाणाऱ्या बुरशीची, पक्ष्यांच्या पिसांची किंवा विष्ठेची फुप्फुसाला वावडं होणं. आणि त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांचा एअर कूलरशी संबंध आला होता. तुमच्या कूलरचं गवत काळं पडलंय, संज्या. मी रात्री त्याचा कुबट वास घेत झोपलो आणि वाळ्याचा वास समजलो. त्यात अण्णांचं सगळं आयुष्य कडब्याच्या गंजीत आणि भुसाऱ्यात गेलं. दमट राहिलेल्या कडब्यातली बुरशीही हेच करते. माडीवर कबुतरं बसतात का, तेही मला कळव.

दोन वर्षांपूर्वी त्यांना सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या होत्या, थुंकीत काही न सापडता. कुणाला शिव्या देऊ नको. आपल्याकडे खोकला म्हटलं की टीबी नाहीतर दमा, तिसरं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. छातीच्या डॉक्टरला पाठीवर, अगदी खालच्या बाजूला, स्टेथो लावायला सांग. वेल्क्रोचा पट्टा ओढल्यावर होतो तसा चर्र आवाज आला, तर पुढचं एचआरसीटीत, म्हणजे फुप्फुसाच्या बारीक सीटी स्कॅनमध्ये, कळेल.

लग्नात तू विचारलंस, "तू उंदरं मारायला एवढं शिकलास का?" तुला नीट उत्तर दिलं नाही. ऐक. आमचे प्रयोगशाळेतले उंदीर काळे असतात, सी५७ जातीचे. त्यांची खोली २२ अंशांवर असते, बारा तास उजेड, बारा तास अंधार. बाहेर ४३ अंश. वीज गेली की आधी त्यांच्या खोलीचा जनरेटर सुरू होतो. उंदरांना एसी आणि अण्णांना कूलर, हा हिशेब बसमध्ये मला फार लागला.

या उंदरांच्या श्वासनलिकेत आम्ही ब्लिओमायसिन सोडतो. हे औषध जपानच्या हामाओ उमेझावांनी १९६०च्या दशकात जिवाणूपासून शोधलं, कॅन्सरवर. कॅन्सरवर चाललं, पण फुप्फुसाला वण पाडू लागलं. हे औषध निकामी करणारं एन्झाइम शरीरात दोन ठिकाणी कमी असतं, फुप्फुसात आणि त्वचेत. म्हणून तिथंच ते जास्त चावतं. एकवीस दिवसांनी फुप्फुस काढून, पातळ काप करून रंगवलं की कोलॅजन निळं दिसतं. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा सुंदर दिसलं म्हणून फोटो काढून बाईला पाठवला होता. तिनं विचारलं, "साडीचा काठ आहे का?" आता मला तो फोटो बघवत नाही.

माझा दुसरा निम्मा धंदा मेलानोमाचा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कॅन्सरचा. आपल्याकडे तो क्वचित होतो, आणि होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली, जिथं ऊन लागत नाही. लोक त्याला कुरूप समजतात, नाहीतर बाभळीचा काटा मोडून राहिलाय म्हणतात. होस्टेलच्या भिंतीवर तू बॉब मार्लेचा फोटो चिकटवला होतास. त्याच्या अंगठ्याला हाच होता. फुटबॉल खेळताना लागलंय असं वाटलं, १९७७ला निदान झालं, १९८१ला गेला, छत्तिसाव्या वर्षी. पायाला काळा डाग असेल आणि वाढत असेल तर विळ्यानं कोरायचा नाही, हे तुमच्या आळीत सांगून ठेव.

फुप्फुस आणि हा त्वचेचा कॅन्सर, यांचं काय नातं? मेलानोमा पसरायला लागला की फुप्फुस हा त्याचा ठरलेला मुक्काम. १९५४ साली सी५७ उंदरातच एक मेलानोमा आपोआप झाला होता, त्याच्या पेशी अजून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात. आयझाया फिडलर नावाच्या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात त्या दहा वेळा उंदराच्या फुप्फुसातून काढून पुन्हा दुसऱ्यात सोडल्या, म्हणून त्यांचं नाव एफ१०. फुप्फुसाची वाट पाठ झालेल्या पेशी म्हण. शेपटीच्या शिरेत टोचल्या की दोन-तीन आठवड्यांत फुप्फुसावर काळे ठिपके उठतात, ताटात मोहरी सांडल्यासारखे. भिंग घेऊन एकेक मोजावे लागतात. मोजता मोजता कुणी हाक मारली की पहिल्यापासून सुरू.

आम्ही आधी वण पाडतो, मग त्या पेशी सोडतो. ज्यांच्या फुप्फुसात वण, त्यांच्यात ठिपके जास्त. हे दुसऱ्यांनीही पूर्वी पाहिलेलं आहे. मला कारण हवंय: पेशी कडक जमिनीत पाय रोवते का, की टीजीएफ-बीटाच तिची राखण करतो? आणि उलटीही अडचण आहे. मेलानोमावर आता प्रतिकारशक्तीचे ब्रेक सोडणारी औषधं आहेत. त्या शोधाला २०१८चं नोबेल मिळालं, ॲलिसन आणि होंजो यांना. त्याच औषधांनी काही जणांच्या फुप्फुसाला सूज येते. एकाला वाचवायला जावं तर दुसरं दुखतं.

अण्णांसाठी काय आहे, ते खरं सांगतो. वावड्याचा प्रकार असला आणि वण फार नसले, तर कारण दूर करून आणि स्टेरॉइड देऊन बरंच सावरतं. वण पडलेले असतील तर ते पुसत नाहीत. पिरफेनिडोन आणि निंटेडानिब ही औषधं वेग कमी करतात. कुठलं, हे डॉक्टर ठरवतील. पिरफेनिडोननं अन्न जात नाही, आणि उन्हात कातडी भाजते. अण्णांना बाराच्या उन्हात औताजवळ जाऊ नका म्हणून सांगणं कुणाला जमेल, ते तूच ठरव. माझ्यानं होणार नाही.

आजच कूलर बंद कर, गवत जाळू नको, लांब नेऊन टाक. ओला कडबा अण्णांना हलवू देऊ नको. बिडी सुटली असं ते म्हणाले, ते खरं का, हे बाईला विचार, त्यांना नाही. सोमवारी रात्रीच्या बसनं घेऊन ये, ऊन चुकेल. मी स्टँडवर गाडी घेऊन थांबतो, जिने चढायला लागणार नाहीत. जुने सगळे एक्स-रे आण, कपाटावर गुंडाळी करून ठेवलेले आहेत. एकाचा कोपरा तुझ्या पोरानं ग्रहण बघायला कापलाय, तो पण आण.

तुझा,
दिल्या