ते नाक नेमकं कुणाचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला रोमन शिल्पांवरचा लेख दोनदा वाचला, फोटोही मस्त होते, पण फोटोखाली नुसतं ‘रोमन मस्तक, संगमरवर’ एवढंच बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. अहो, त्या मस्तकाचं नाक मूळचं आहे की मागाहून बसवलेलं, हे कोण सांगणार?

जमिनीतून निघालेल्या बहुतेक मस्तकांची नाकं तुटलेलीच असतात. अठराव्या शतकात रोममध्ये बार्तोलोमेओ कावाचेप्पीसारख्या मूर्ती दुरुस्त करणाऱ्या शिल्पकारांचे कारखाने जोरात चालायचे, तिथे नवं नाक लागायचं, हनुवटी जोडली जायची, कधी एकाचं डोकं दुसऱ्याच्याच धडावर चढायचं, आणि मग तो माल कार्डिनल अल्बानींसारख्या संग्रह करणाऱ्या बड्या धर्मगुरूंकडे नाहीतर इंग्लंडातल्या बड्या घरांत. दिवाणखान्यात अख्खा चेहरा हवा, तोही शक्यतो सम्राटाचा, मग कुणा अनोळखी माणसाला सीझरचं नाव चिकटायला कितीसा वेळ लागणार!

कोपनहेगनला ग्लिप्टोटेक म्युझियम आहे, कार्ल्सबर्ग बिअरवाल्या कार्ल याकोबसेन यांनी उभं केलेलं. तिथे एका कपाटात फक्त नाकं मांडलीत, बारीक, फुगीर, पोपटासारखी, शंभरएक तरी असतील. जुन्या मस्तकांना मागाहून लावलेली ती नाकं म्युझियमने काढली पण फेकली नाहीत, आणि मला हेच फार पटतं, कारण तो पण इतिहासच आहे, संग्राहकांच्या आवडीचा. तिथेच रोमन सम्राट कॅलिग्युलाचं एक मस्तक आहे, त्याच्या डोळ्यापाशी रंगाच्या खुणा अजून टिकून आहेत, म्हणजे आपण ज्याला रोमन शुभ्रता म्हणतो ती रोमनांची नव्हतीच, हे चेहरे रंगवलेले असायचे!

आणि यात नुकसान कसलं होतं तेही सांगते. सम्राटांच्या आधीच्या, रोमन प्रजासत्ताकाच्या काळातल्या शिल्पांमधले म्हातारे बघा, कपाळावर आठ्यांचं जाळं, गाल बसलेले, ओठ आत गेलेले. मोठ्या घराण्यांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे जपून ठेवायचे, अंत्ययात्रेत मिरवायचे, त्यांच्या लेखी सुरकुती म्हणजे आयुष्यभर केलेल्या कामाची खूण. अशा चेहऱ्यावर कारागिराने सरळ देखणं नाक बसवलं आणि गाल घासून गुळगुळीत केले की तो म्हातारा संपलाच, उरतो तो गिऱ्हाईकाला आवडेल असा कुणीतरी.

एवढीच विनंती, पुढच्या वेळी फोटोखाली दोन ओळी वाढवा, मस्तक सापडलं कुठे, कुणाच्या संग्रहातून आलं आणि त्यातलं नंतर जोडलेलं काय काय आहे. जागा कमी पडली तर एक फोटो कमी छापा, चालेल.

आपली,
एक नियमित वाचक