स्टार देताना मराठीला सवलत नको

मा. संपादक,
स. न.

आपल्या पेपरातले शुक्रवारचे सिनेमाचे रिव्ह्यू आमच्या घरी सगळ्यात आधी वाचले जातात, अग्रलेखाचा नंबर नंतर लागतो, म्हणून जरा हक्कानेच लिहितेय. मराठी सिनेमाला तुमच्याकडे तीन किंवा साडेतीन स्टार, यापेक्षा वेगळं काही मिळालेलं मला बऱ्याच दिवसांत दिसलं नाही. रिव्ह्यूमध्ये सगळं लिहिलेलं असतं, की पटकथा ढिली आहे, इंटरव्हलनंतर रेंगाळतो, गाणी उगाच घुसवलीत, आणि मग शेवटच्या ओळीत "तरीही प्रयत्न स्तुत्य" म्हणून साडेतीन. अहो, पण तिकीट काढणारा माणूस प्रयत्नाचं तिकीट काढत नाही, सिनेमाचं काढतो.

गेल्या काही महिन्यांत मी, सासूबाई आणि कॉलेजला जाणारी माझी मुलगी अशा तिघींनी मिळून जुने-नवे बरेच सिनेमे बघितले, काही थेटरात, बाकीचे घरी टीव्हीवर. जुना असो की नवा, माप एकच ठेवायचं आणि दहापैकी मार्क द्यायचे असं ठरवलं होतं. त्यातले काही इथे देतेय.

सासूबाईंच्या आग्रहाने सुरुवात 'संत तुकाराम'ने केली. १९३६ चा सिनेमा, मुलगी फोन घेऊनच बसली होती, पण जिजाई पडद्यावर आली आणि फोन बाजूला गेला. गौरीबाईंनी काय काम केलंय! नवरा देवाच्या नादात, घरात दाणा नाही, पोरगं आजारी, तर ही बाई त्या पोराला एका हाताने धरते, दुसऱ्या हातात चप्पल घेते आणि सरळ देवळात विठोबाला जाब विचारायला जाते. संतपटात असा सीन आज लिहायची कोणाची छाती होईल का सांगा. पागनीसांचा तुकाराम गोड आहेच, पण सिनेमा उभा राहिलाय तो जिजाईवर. शेवटी नवरा वैकुंठाला निघतो तरी ती संसार सोडून जात नाही. 'आधी बीज एकले' तुकारामांचा अभंग नसून शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलंय हे सासूबाईंना अजून पटत नाही, इतकं ते मुरलंय. तुकारामांवर जळणारा सालोमालो जरा ठोकळेबाज वाटतो, त्याचा एक मार्क कापला. ९. (हा सिनेमा काढणारी प्रभात कंपनी १९२९ ला सुरू झाली ती आमच्या कोल्हापुरात, १९३३ ला पुण्याला गेली, हे आम्ही कोल्हापूरकर सांगितल्याशिवाय राहत नाही.)

मग 'सामना'. १९७५ ला बर्लिनच्या महोत्सवात गेलेला, जब्बार पटेलांचा. ह्याच्याबद्दल लिहायला लागले तर पान पुरणार नाही. सगळी मजा तेंडुलकरांच्या लिखाणात आहे. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव आणि कुठून तरी आलेला एक दारुडा मास्तर, त्याला हिंदुराव घरात ठेवून घेतो, खायला-प्यायला घालतो, कपडे देतो, आणि तो मास्तर एकच प्रश्न विचारत राहतो की मारुती कांबळेचं काय झालं? हिंदुराव झालेत निळू फुले. निळूभाऊ म्हटलं की लोकांना ती एक ठराविक खलनायकी हाक आठवते, पण इथे ते आवाज चढवत नाहीत, नुसतं बघतात, आणि समोरच्याला काय कळायचं ते कळतं. मास्तर झालेले श्रीराम लागू तर त्यांच्यासमोर बसून दारूच्या तारेतसुद्धा प्रश्न सोडत नाहीत. दोन माणसं बोलतायत आणि आपण श्वास रोखून बसलोय. मुलगी म्हणाली, आई हे आजचंच आहे की. ९, आणि मी तर साडेनऊ म्हणत होते.

आता एक वाईटपणा घेते. 'अशी ही बनवाबनवी' आमचा पण पाठ आहे, सत्तर रुपये वारले म्हटलं की आमच्याकडे पण हसू फुटतं, अशोक सराफ आणि लक्ष्याची जोडी बघताना वेळ कसा जातो कळत नाही. मूळ गोष्ट १९६६ च्या 'बीवी और मकान' ह्या हिंदी सिनेमातली, पण वसंत सबनीसांनी ती अशी काही पुण्यात आणली की मूळ कोणाला आठवत नाही. तरीसुद्धा शेवटाकडचा भाग ओढलाय, हे खरं आहे, आणि प्रेमाच्या गाण्यांना आम्ही पुढे ढकलतो हे पण खरं. ७.५. सासूबाईंनी दहाच्या दहा दिले आणि माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत.

'श्वास' ८. आजोबा ऑपरेशनच्या आधी नातवाला हॉस्पिटलातून बाहेर घेऊन जातात, डोळे आहेत तोवर जग दाखवायला, तो भाग अजूनही बघवत नाही इतका खरा आहे, अरुण नलावडे कुठेही रडवायचा प्रयत्न करत नाहीत म्हणूनच रडू येतं. बाकी हॉस्पिटलचे काही सीन माहितीपट बघितल्यासारखे वाटले.

'कोर्ट' (२०१४) मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मधेच बंद केला होता, फार संथ वाटला होता. ह्यावेळी मुलीबरोबर पूर्ण बघितला. एक म्हातारा शाहीर, त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली असा त्याच्यावर आरोप, आणि तारखांवर तारखा. मला सगळ्यात आवडली ती सरकारी वकील. गीतांजली कुलकर्णी कोर्टात कलमं धडाधडा वाचते, मग लोकलने घरी जाते, जाताना तेलाच्या आणि साडीच्या गप्पा, पोराला आणायचं, घरी येऊन स्वयंपाक, सुट्टीच्या दिवशी कुटुंबासोबत नाटक. अगदी आपल्या बिल्डिंगमधली बाई. आणि हीच बाई दुसऱ्या दिवशी त्या म्हाताऱ्याला आत ठेवायला हवं म्हणून उभी राहते, मनात कसलाही राग नसताना. हे इतकं साधेपणानं दाखवलंय की अंगावर येतं. ९. 'फँड्री' पण ९, डुक्कर पकडताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि अख्खं कुटुंब जागेवर थांबतं, त्या एका सीनवर पुस्तक लिहिता येईल. 'वाळवी' ८, पटापट जाणारा, डोकं लावून लिहिलेला, लोकांनी असे अजून काढावेत.

आता नवे, कारण माझं खरं भांडण इथे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एका आठवड्याच्या अंतराने दोन सिनेमे आले, 'दशावतार' आणि 'साबर बोंडं'. 'दशावतार'ला आम्ही सगळे गेलो. एक्याऐंशीव्या वर्षी दिलीप प्रभावळकर ज्या ताकदीने तो कोकणातला दशावतारी नट बाबुली मेस्त्री करतात त्याला हात जोडले. नजर अधू झालेली, मुलगा म्हणतोय आता बास करा, आणि ह्यांचा जीव त्या रंगलेल्या चेहऱ्यात अडकलेला. इंटरव्हलपर्यंत मी ९ देऊन बसले होते. नंतर मात्र व्हिलन लोक नुसते व्हिलन म्हणून येतात, काही गोष्टी दोनदा-तीनदा सांगितल्या जातात आणि लांबतो. ७, बघाच असं सांगून ७.

'साबर बोंडं' रोहन कानवडेंचा, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सनडान्स महोत्सवात जागतिक विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवलेला. वडील गेल्यावर मुंबईत काम करणारा मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, नातेवाईक त्याच्या लग्नाचं विचारत राहतात, आणि त्याचा जीव लहानपणीच्या मित्रावर, बाळ्यावर. पार्श्वसंगीत नाहीच, नुसते गावाचे आवाज. त्यातली आई मला फार आवडली. मुलाचं सगळं तिला ठाऊक आहे आणि तिने ते कधीच मान्य केलंय, त्याचं भाषण नाही, गाजावाजा नाही. सासूबाईंना सांगावं की नको असं वाटत होतं, त्या शेवटपर्यंत बघून एवढंच म्हणाल्या की पोरगं चांगलं आहे. ९.

पण हा सिनेमा थेटरात बघायला घरातले बाकीचे आलेच नाहीत. का, तर त्याच्या थोडे दिवस आधी तुमच्या साडेतीन स्टारवर विसंबून एका तिसऱ्या सिनेमाला सगळे गेलो होतो. नाव घेत नाही. चार मित्र, एक लग्नघर, ड्रोनचे शॉट आणि विनोद म्हणजे ओरडणं. आम्ही ३ दिले, ते पण त्यातल्या आजीबाईंच्या कामासाठी. माझे दीर बाहेर आल्या आल्या म्हणाले, वहिनी आता मराठी सिनेमा ओटीटीवर आला तरच बघायचा. तुम्ही 'दशावतार', 'साबर बोंडं' आणि हा, तिघांनाही साडेतीनच दिले होते. मग वाचकाने ओळखायचं कसं? आमच्या इथे 'साबर बोंडं'चा एकच शो होता, तोही भलत्याच वेळेला, आणि पुढच्या शुक्रवारी तोही गेला. चांगल्या सिनेमाला पहिल्या आठवड्यात माणसं लागतात, आणि ती माणसं आधीच्या खोट्या साडेतीनने घालवलेली असतात.

म्हणून विनंती अशी की मराठीला दीड द्यायचा असेल तर दीड द्या, कोणी रागावलं तर आमच्यासारखे वाचक तुमच्या बाजूने पत्र लिहितील. स्टारच्या शेजारी दोन ओळी टाका, की लांबी किती, बोली कुठली आहे आणि ती जमलीय का, पोराबाळांना घेऊन जाता येईल का. आणि महिन्यातून एकदा एखाद्या जुन्या सिनेमाचा रिव्ह्यू छापा, तो सध्या कुठे बघायला मिळेल ह्या माहितीसकट, आणि त्यालाही स्टार द्या, अगदी प्रभातचा असला तरी. पहिला 'कुंकू' घ्यावा असं सासूबाईंचं म्हणणं आहे, माझं मत 'जैत रे जैत'ला.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर