गाडी तुझ्याच नावावर घे

साखळी, गोवा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या कोटेशनची प्रिंट काढून मी ती काल पंचांगाच्या भिंगाखाली धरून वाचली. गाडीचा रंग आणि सीट कव्हरे तू आणि आई ठरवा. मला विम्याच्या ओळींविषयी लिहायचे आहे, आणि त्या वाचून मी माझाच एक शब्द मागे घेतो. गाडी माझ्या नावावर घेऊ असे मी म्हटले होते. तसे करू नकोस.

मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा गाडीला नव्हे तर माणसाला मिळतो, आणि तो माणूस म्हणजे आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, ज्याचे नाव आहे तो. मालक मी आणि रोज वेर्ण्याला जाणार तू, असे झाले, तर झुवारीच्या पुलावर स्टिअरिंग तुझ्या हातात असताना ते १५ लाखांचे संरक्षण इथे माझ्याबरोबर ओसरीवर बसलेले असेल.

पूर्वी मोटारमालकासाठी ही रक्कम अवघी २ लाख होती. सप्टेंबर २०१८ मध्ये विमा नियामकाने ती किमान १५ लाख केली आणि वर्षाचा हप्ता ७५० रुपये ठरवला. पुढे १ जानेवारी २०१९ पासून हे संरक्षण गाडीच्या पॉलिसीतून सुटे केले. तेव्हापासून ते स्वतंत्रपणे घेता येते, आणि मृत्यू व कायमचे अपंगत्व (पूर्ण आणि अंशतः) यांसाठी किमान १५ लाखांचा अपघात विमा आधीच असेल, तर पुन्हा घ्यावे लागत नाही. शोरूममधल्या मुलाने "ऑफिसचा विमा आहे ना, मग इथे टिक करा" म्हणून सांगितले ते याच आधारावर. पण ती टिक म्हणजे तुझ्या सहीने दिलेली कबुली आहे. ऑफिसचा विमा अपघाताचा आहे की नुसत्या आजारपणाचा, आणि रक्कम किती, हे आधी लेखी मागव. मला विचारशील तर टिक करूच नकोस, कारण नोकरी सुटली की तो विमाही सुटतो, आणि तुमच्या पिढीला नोकरी बदलायला चवथीची सुट्टीही पुरते.

या विम्यात एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी गेली तर निम्मी रक्कम मिळते, दोन गेल्यास पूर्ण. पाय मोडून तीन महिने घरी बसावे लागले, तर मात्र काहीच मिळत नाही; त्या काळात बुडणाऱ्या पगाराची सोय हवी असेल, तर आठवड्याला ठरावीक रक्कम देणारी वेगळी अपघात पॉलिसी पाहावी लागेल. लायसन्सची मुदतही तपास, कारण चालकाकडे वैध लायसन्स नसेल तर हा दावा उभाच राहत नाही.

आता आईचे. पावसात चोर्ल्याच्या घाटाने तिला मावशीकडे बेळगावला नेणार आहेस, पण मालक-चालकाच्या विम्यात शेजारी बसलेला माणूस येत नाही. त्यासाठी नाव न लिहिता प्रवाशांचा अपघात विमा घेता येतो, माणशी २ लाखांपर्यंत, आणि हप्ता आसनांच्या संख्येवर लागतो. तुझ्या कोटेशनात बंपर आणि इंजिन यांच्या जादा संरक्षणाचे पैसे धरले आहेत. प्रवाशांपुढे शून्य आहे. ते शून्य बदलून घे.

शनिवारी येताना नवे कोटेशन घेऊन ये. नॉमिनीच्या रकान्यात तू माझे नाव घातले आहेस. तिथे आईचे घाल.

तुझे,
बाबा