कोंगथोंगच्या काँगना, एका धुनेबद्दल

आदरणीय काँग,

सप्रेम नमस्कार. खासी घरांत वडीलधाऱ्या बाईला ज्या शब्दाने हाक मारतात, तोच येथे वापरते आहे. नाव छापू नका असे तुम्ही सांगितले होते, आणि नावाच्या बाबतीत तुमचे गाव किती जपून असते हे आता मला ठाऊक आहे.

बाळ जन्मले की आई त्याच्यासाठी एक धून रचते, ती दुसऱ्या कोणाचीही नसते आणि माणूस गेले की त्याच्याबरोबर जाते, एवढे वाचून मी मेघालयात आले होते. मराठी मुलांच्या गोष्टीला इतके भांडवल पुरे, अशी माझी समजूत होती. ज्या संपादकांना पहिला खर्डा दाखवला, त्यांनी त्यात पिसांची टोपी आणि शेकोटीभोवतीचा नाच घालायला सांगितले, कारण मुलांना म्हणे रंगीत काहीतरी लागते. शहरातल्या एका वाटाड्याने तर पोरांना ओळीने उभे करून मोबाइलसमोर त्यांच्या धुना म्हणवून घेण्याचा दरच सांगितला.

तुम्ही आधी क्वाय पुढे केलीत, आणि चुना लावलेल्या पानाबरोबर ती सुपारी मी कशीबशी चघळत असताना भाचीकडून सगळी गोष्ट खासीत ऐकून घेतलीत. गोष्टीतल्या मुलीला मी वडिलांचे आडनाव लावले होते. भाचीला तेथेच हसू फुटले, कारण तुमच्याकडे कूळ आईचे चालते. पण धुक्यात चुकलेल्या मुलीला आई नावाने हाका मारते, तेथे तुम्ही हात वर केलात. रानात नाव उच्चारले की तिथल्या आत्म्यांच्या कानी पडते आणि त्या माणसाला बाधा होते, म्हणून तर रानासाठी लांब धून असते आणि घरासाठी छोटी. ज्या प्रसंगावर मी सर्वाधिक खूश होते, तो कोंगथोंगची कोणतीही शहाणी आई घडू देणार नव्हती.

मग मी तुमच्या मुलाची धून स्वरलिपीत छापण्याची परवानगी मागितली. तुम्ही ‘नाही’ म्हणालात, आणि मला ते लागले, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरसुणीच्या गवताला निघताना तुम्ही कपाळपट्ट्यावरची खोह, म्हणजे पाठीवरची टोपली, खाली उतरवलीत आणि विचारलेत की गोष्टीतली मुलगी केवढी, तिची आई काय करते. सात वर्षांची, आई गवत कापते, असे मी म्हणाले. तुम्ही थोडा वेळ दरीकडे पाहिलेत आणि एक लांब धून म्हणालात, मला नीट ऐकू यावी म्हणून दोनदा. ती तुमच्या घरातल्या कोणाचीच नव्हती. छोटी धून तिच्या आईलाच करू दे, एवढे सांगून तुम्ही खोह पुन्हा पाठीवर घेतलीत.

मदत करणारे पुष्कळ भेटतात, मदतीची आठवण करून देणारे त्याहून अधिक. कागदावरच्या पोरीचीही आधी विचारपूस करणारे माणूस मला तोवर भेटले नव्हते.

पुस्तक झाले आहे. धून त्यात स्वरांत छापलेली नाही. ती ऐकून मुलगी कोणत्या वाटेने वळली, तेवढेच लिहिले आहे. छोट्या धुनेबद्दल एकही शब्द नाही. प्रत पाठवते आहे, भाचीकडून ऐकून घ्या, आणि पुन्हा कोठे हात वर करावासा वाटला तर अवश्य कळवा.

खुब्लेई, तुमच्याच भाषेत आभार.

तुमची,
गोष्टवाली पाहुणी