तिसरा अध्याय

प्रिय आई आणि बाबा,
प्रभूच्या नावात सलाम.

बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांत थेंब वेळेवर घालताय ना? आई, तू म्हणालीस की हल्ली संध्याकाळच्या उपासनेला तुम्ही दोघंच असता, शास्त्र तू वाचतेस आणि बाबा डोळे मिटून ऐकतात. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

लहानपणी बायबलमधलं पहिला इतिहास हे पुस्तक सुरू झालं की दादा आणि मी एकमेकांना कोपरानं ढोसायचो. नऊ अध्याय नुसती नावंच नावं! गाळू या ना, म्हटलं की बाबा म्हणायचे, "देवानं गाळली नाहीत, आपण कशी गाळायची?" आणि एकेक नाव सावकाश वाचायचे.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या अध्यायात, दाविदाच्या वंशजांच्या यादीतल्या यखन्यापाशी मी थांबले. अठराव्या वर्षी यहूदाचा राजा झाला, तीन महिने राज्य केलं आणि इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानं त्याला आईसकट बंदी करून नेलं. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात देव त्याच्याविषयी म्हणतो, तो माझ्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असता तरी मी ती काढून टाकली असती. आणि याला निःसंतान असं लिहा. किती कठोर शब्द!

तरी इतिहासाच्या पुस्तकात त्याच्या मुलांची सात नावं आहेत. बाबा, बाबेलच्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्यात, शिधावाटपाच्या नोंदींच्या. यहूदाच्या राजाला आणि त्याच्या पाच मुलांना किती तेल दिलं, ते त्यांत लिहिलंय. राजा तेव्हा जेमतेम पंचविशीचा असेल. दाविदाचा वंश टिकेल या देवानं दिलेल्या वचनाचं लिहिणाऱ्या कारकुनाला काय? पण त्याच वंशाची पाच पोरं शत्रूच्या कोठारातून जेवत होती, वाढत होती. त्या तेलाच्या हिशेबानं मला रडू आलं, आई.

बंदिवासाच्या सदतिसाव्या वर्षी यखन्या सुटला आणि मरेपर्यंत बाबेलच्या राजाच्या पंक्तीला जेवला. नातू जरुब्बाबेल यरुशलेमेला परतला, त्यानं मंदिराचा पाया घातला. शिक्षा पुसली गेली असं मी म्हणणार नाही. तो सुभेदारच राहिला, राजा झाला नाही. पण हाग्गय संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अगदी शेवटच्या वचनात देव त्याला म्हणतो, मी तुला मुद्रेच्या अंगठीसारखा करीन. आजोबाच्या वेळी काढून टाकलेली तीच अंगठी! नाताळात मत्तयाचा पहिला अध्याय, येशूची वंशावळ, वाचताना ही दोन्ही नावं आपण भराभर ओलांडून योसेफ-मरीयेपर्यंत पोचतो. यंदा माझ्याच्यानं ते होणार नाही.

आई, रविवारी सातला फोन लावते. स्पीकरवर टाक आणि बाबांजवळ ठेव. तिसरा अध्याय घेऊ. नावं मी वाचेन. बाबा, उच्चार चुकला तर पूर्वीसारखं थांबवा आणि पुन्हा म्हणायला लावा.

तुमची लेक