घरच्या ट्रॉलीचे ब्रेक कोण तपासणार?

महोदय,

घरी बनवलेली तीनचाकी रस्त्यावर पकडल्याची बातमी आपण छापलीत, त्यावर दोन वाचकांची पत्रे आली. एकाचे म्हणणे, असली धुडे सरळ भंगारात घाला. दुसऱ्याचे म्हणणे, बनवणाऱ्याला शाल-श्रीफळ द्या. ब्रेकबद्दल दोघांनीही अवाक्षर काढलेले नाही.

मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मेंटेनन्स फिटर होतो. पादऱ्याच्या बाजूला माझे दोन-अडीच बिघे आहेत. तिथे भाजीपाला कमी आणि लोखंड जास्त पिकते, असे घरच्यांचे मत आहे. लाकूड फाडायचे हायड्रॉलिक यंत्र आहे; त्याला मुद्दाम दोन लिव्हर ठेवलेत, दोन्ही हात गुंतल्याशिवाय पाते पुढे सरकत नाही. पाण्याच्या टाकीची हातगाडी आहे, तिच्यात सांगण्यासारखे काही नाही. आणि ट्रॉली आहे.

ट्रॉलीचा मागचा ॲक्सल डिफरन्शियलसकट मोडीत निघालेल्या मालवाहू रिक्षाचा, चेसिस सी-चॅनेलची. इंजिन राजकोटला बनलेले, लिस्टर पद्धतीचे, सहा हॉर्सपॉवरचे. मिनिटाला साडेसहाशे फेरे, म्हणजे ठोके मोजता येतील इतके संथ. क्लच म्हणजे पट्टा ताणणारी पुली. लिव्हर ओढला की पट्टा आवळतो, सोडला की सैल. माणूस भरभर चालेल तेवढाच वेग. शेणखत आत न्यायचे, दुधी-वांगी झाप्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, आणायची, एवढेच तिचे काम.

खरी डोकेफोड वजनाची. इंजिनच तीनशे किलोंच्या वर. पुढे एकच चाक असलेली गाडी वळत असताना ब्रेक दाबला, की भार पुढे आणि बाहेरच्या बाजूला सरकतो, आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात तिला चाक नसते. म्हणून इंजिन मागच्या चाकांजवळ, जमेल तितके खाली बसवले. ब्रेकच्या तेलाला दाब देणारा मास्टर सिलिंडर नवा घातला; चाकांतले ब्रेक-ड्रम मात्र रिक्षाचेच, आणि ते रिक्षाच्या वजनासाठी केलेले. भरलेल्या ट्रॉलीला ते पुरतात, हे मी हिशेब करून सांगू शकतो, मोजून नाही. शेजारचे पटेल बसण्याआधी दर वेळी विचारतात, "काका, ब्रेक तो लागशे ने?" त्यांचे काही चुकत नाही.

कायदा इथे फार गुंतागुंतीचा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येतून केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायचे खास वाहन वगळले आहे. ते रस्त्यावर आणले की सवलत संपली. 'जुगाड', म्हणजे असे घरी जुळवलेले वाहन, हे मोटार वाहनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नोंदणी नसलेली गाडी पादरा रोडवर आणणाऱ्याला दंड व्हावा, माझ्यासकट. पण कुंपणाच्या आतही माणसेच बसतात, आणि तिथला ब्रेक लागतो की नाही हे पाहणारा कोणीच नाही. भंगारात घाला म्हणणाऱ्यांनी अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणींची बुलेट सांती आठवावी. बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून तिथे दोन चाके आणि औजारांची दांडी जोडली, आणि बैल परवडेनासे झाले तेव्हा कोळपणी-पेरणी तिच्यावर होऊ लागली. तिला भारतातच नव्हे, अमेरिकेतही पेटंट मिळाले.

इंजिनिअरिंगची मुले बाजा स्पर्धेसाठी एकआसनी गाड्या बनवतात. पीथमपूरच्या ट्रॅकवर शर्यतीत उतरण्याआधी त्यांचे तांत्रिक परीक्षण होते, ब्रेकची चाचणी होते, नापास गाडी बाहेर राहते. हेल्मेट घातलेल्या विद्यार्थ्यासाठी हे सगळे होते. शेणखतावर बसलेल्या मजुरासाठी काहीच नाही.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढले ते हाताने काम करणाऱ्यांना शास्त्र मिळावे म्हणून. आज तीच महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा आहे. माझी विनंती एवढीच, की तिथल्या यंत्रशाळेने महिन्यातला एक रविवार अशा यंत्रांसाठी ठेवावा. फार खर्च नाही. वेल्डवर लाल पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरणारे रंगीत द्रव, फवारायचे, थोडे थांबून पुसायचे, वर ते बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर मारायचा. तोंड उघडी भेग असेल तर लाल रेघ उमटते. ठरलेला भार घालून ट्रॉली किती अंतरात थांबते ते टेपने मोजायचे. पट्ट्यांवर जाळी आहे का, फिरत्या शाफ्टवर आवरण आहे का ते पाहायचे. धोतर आणि ओढणी तिथेच अडकतात. शेवटी एका कागदावर दोष लिहून द्यायचे. परवाना नको, प्रमाणपत्र नको, फोटो तर नकोच. मुलांनाही पुस्तकातल्या आकृतीऐवजी खरी फसलेली वेल्डिंग हाताळायला मिळेल, आणि फसलेली वेल्डिंग आम्हा हौशी लोकांकडे मुबलक असते.

शुल्क जरूर घ्यावे. पहिल्या रविवारी मी ट्रॉली घेऊन येईन, अर्थात भाड्याच्या टेम्पोत चढवून. ती चालवत आणली तर वाटेतच जप्त होईल, आणि ते योग्यच होईल.

आपला,
एक निवृत्त फिटर
दांडिया बाजार, बडोदे