मीठ-साखर आणि नारूचं फडकं

12 जानेवारी 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, ज्येष्ठ नागरिक संघात ‘2024 साली गेलेले अमेरिकन’ यावर तुम्ही बोलणार आहात आणि तुम्हाला नावं हवी आहेत, असं आईकडून कळलं. नावं हवी तेवढी मिळतील, पण वीस मिनिटांत पंधरा नावं घेतलीत तर ती वर्तमानपत्रातली निधनवार्ता होईल. म्हणून माझं ऐका. बाकीच्यांना मिळून तीन मिनिटं द्या आणि उरलेला वेळ दोघांना. एकाला सगळे ओळखतात, दुसऱ्याचं नाव तिथे बहुधा कुणीच ऐकलेलं नसेल.

आधी तीन मिनिटांतले. बिल अँडर्स, अपोलो 8 चा अंतराळवीर. 24 डिसेंबर 1968 ला चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या निळ्या पृथ्वीचा रंगीत फोटो काढला तो याने. जूनमध्ये, वयाच्या 90 व्या वर्षी, स्वतःचं छोटं विमान एकटाच उडवत असताना वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळून गेला. थॉमस कर्ट्झ, ज्याने जॉन केमेनीबरोबर 1964 साली बेसिक ही संगणकाची भाषा केली. शाळेत संगणक आले तेव्हा मुलं पहिल्यांदा शिकली ती हीच. लिन कॉनवे, एका चिपवर हजारो ट्रान्झिस्टर बसवण्याची रीत शिकवण्याजोगी सोपी करणारी. डॅनियल काहनेमन, माणूस निर्णय घेताना कुठे कुठे चुकतो हे मोजून दाखवणारा. क्विन्सी जोन्स संगीतातला. झाकीर हुसेनही गेले ते सॅन फ्रान्सिस्कोलाच, पण ते आपले. त्यांना या यादीत ओढू नका.

आता जिमी कार्टर. 29 डिसेंबरला जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या त्यांच्या गावी, राहत्या घरी गेले. वय 100. शंभरी गाठणारे ते पहिलेच अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. लोकांना इराणमधले ओलीस, इजिप्त-इस्रायलमधला कॅम्प डेव्हिडचा करार, 2002 चं शांततेचं नोबेल आठवेल. ते एका वाक्यात उरका आणि थेट विक्रोळीला या. त्यांच्या आई लिलियन कार्टर वयाच्या 68 व्या वर्षी अमेरिकी सरकारच्या पीस कोअरमधून स्वयंसेवक म्हणून आल्या आणि 1966 पासून जवळजवळ दोन वर्षं विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत राहिल्या. पेशाने नर्स. कुटुंबनियोजनाचं काम केलं, दवाखान्यात काम केलं, कुष्ठरुग्णांनाही हात लावून तपासलं. तिथून त्यांनी मुलांना लिहिलेली पत्रं पुढे छापली गेली. आणि 2006 मध्ये खुद्द जिमी कार्टर, वय 82, लोणावळ्याजवळच्या पाटण गावात हातोडा घेऊन उभे होते. आठवड्याभरात शंभर घरं बांधण्याच्या उपक्रमात. सभेतल्या कुणाला तरी हे आठवेल, बघा.

पण त्यांचं खरं काम नारूचं, पायातून बाहेर येणाऱ्या त्या लांब जंताचं. नारू म्हणजे काय हे तुम्हाला तिथे समजावून सांगावं लागणार नाही. दुष्काळी भागातून आलेल्यांनी तो पायातून निघताना पाहिला असेल. मात्र तो नेमका कसा होतो हे बऱ्याच जणांना आजही सांगता येत नाही, म्हणून क्रमाने देते. साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा एक ते दोन मिलिमीटरचा जीव असतो. पेला उजेडासमोर धरला तर हलणाऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. नारूची अळी त्याच्या पोटात असते. ते पाणी प्यायलं की सायक्लॉप्स आपल्या जठरात विरघळतो, अळी सुटते आणि आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरते. वर्षभर काहीही कळत नाही. मग जवळजवळ मीटरभर लांब झालेली मादी, बहुतेक वेळा गुडघ्याखाली, कातडीशी येते. फोड येतो, आग आग होते. माणूस काय करतो? पाय गार पाण्यात घालतो. नेमकं तेच तिला हवं असतं. पाणी लागताच ती लाखो अळ्या पाण्यात सोडते. पायऱ्यांच्या विहिरीत घोट्याभर पाण्यात उतरून घागर भरायची पद्धत होती ना, तिथे रुग्णाचा पाय आणि गावाचं पिण्याचं पाणी एकच.

यावर गोळी नाही, लस नाही. काडीला गुंडाळत रोज दोन-चार सेंटिमीटर बाहेर काढायचा, आठवडे लागतात. घाई करून ओढला आणि आत तुटला, तर राहिलेला तुकडा सुजतो, पू धरतो, सांधा कायमचा आखडू शकतो.

त्यांच्या संस्थेने, कार्टर सेंटरने, 1986 मध्ये हे काम हाती घेतलं तेव्हा आफ्रिका-आशियातल्या 21 देशांत वर्षाला अंदाजे 35 लाख लोकांना नारू होत असे. 2023 मध्ये सगळ्या जगात रुग्ण होते 14. पस्तीस लाखांवरून चौदा, तेही औषधाशिवाय. हे आकडे सभेत सावकाश, दोनदा सांगा.

केलं कशाने? मुख्यतः फडक्याने. आणि इथेच बारकावा आहे. साधं सुती कापड सायक्लॉप्स अडवतं, पण ते लवकर गाळाने तुंबतं, पाणी थेंब थेंब पडतं आणि दोन दिवसांत बाई वैतागून ते बाजूला टाकते. म्हणून एकेरी धाग्याचं नायलॉन विणून घेतलं, ज्याची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. पाणी भराभर जातं, जीव वर राहतो. ड्युपाँट कंपनीकडून हे कापड फुकट मिळवण्यात कार्टर यांचा शब्द कामी आला. गुराख्यांसाठी त्याच जाळीची गळ्यात अडकवायची नळी केली, तोंडाला लावून थेट तळ्यातून प्यायची. फडकं वापरताना दोन चुका हमखास होतात. एक, फडक्याला बारीक छिद्र पडलेलं दिसत नाही. दर वेळी उजेडासमोर धरून बघावं लागतं. दुसरी, काल वर असलेली बाजू आज खाली येते, मग काल अडकलेले सायक्लॉप्स धुऊन आजच्या पाण्यात जातात. म्हणून एका बाजूला खूण करायची, आणि ती बाजू कायम वर. हे प्रात्यक्षिक तुम्ही आईच्या जुन्या ओढणीवर दाखवू शकता. फक्त लगेच सांगून टाका की असलं फडकं नारूच अडवतं. कॉलरा, कावीळ त्यातून सहज गळून येतात.

फडक्याच्या जोडीला रुग्णाला पाण्यात उतरू न देणं, आणि तळ्यात महिन्याला एकदा टेमेफॉस टाकणं. आपल्याकडे डासांच्या अळ्यांवर नगरपालिकेचे लोक टाकतात तेच औषध. आणि जिथे लढाई चालू होती तिथे कार्टर स्वतः मध्ये पडले. 1995 मध्ये सुदानच्या यादवीत दोन्ही बाजूंना त्यांनी शस्त्रं खाली ठेवायला लावली, का, तर आरोग्यसेवकांना गावांत फडकी पोचवता यावीत. ती शस्त्रसंधी जवळजवळ सहा महिने टिकली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगा, नाहीतर कुणीतरी उभं राहून तुम्हाला टोकेल. भारतातला नारू कार्टरांनी घालवला नाही. आपला राष्ट्रीय कार्यक्रम 1983-84 मध्येच सुरू झाला होता. सात राज्यांत नारू होता, महाराष्ट्र त्यातलं एक. शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाट-हातपंप बसवणारी माणसं आपलीच होती.

2015 मध्ये कर्करोगाचं निदान झालं तेव्हा कार्टर म्हणाले होते, शेवटचा नारू माझ्याआधी मरावा. तसं झालं नाही. आफ्रिकेतल्या चाडमध्ये नारू कुत्र्यांत सापडायला लागला, बहुधा माशांची टाकलेली आतडी खाऊन, आणि माणसांत संपत आलेला आजार तिथे दडून राहिला.

दुसरे, रिचर्ड कॅश. विस्कॉन्सिनचे डॉक्टर, 22 ऑक्टोबरला गेले, वय 83. 1967 मध्ये पंचविशीतला हा मुलगा ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत आला. तेव्हा कॉलऱ्यावर उपाय एकच, शिरेतून सलाईन. खेड्यात ते मिळत नसे आणि माणूस काही तासांत सुकून मरत असे. मीठ आणि ग्लुकोज एकत्र दिलं तर आतड्याच्या पेशी दोन्ही मिळून आत घेतात आणि मागोमाग पाणी ओढलं जातं, हे प्रयोगशाळेत ठाऊक झालं होतं. तरी आधीचे प्रयोग फसले होते. कारण साधं होतं. जितकं बाहेर जात होतं, तितकं आत दिलं जात नव्हतं. कॉलऱ्याच्या खाटेच्या मध्ये भोक असतं, खाली मापाच्या खुणा असलेली बादली. कॅश आणि डेव्हिड नालिन यांनी आळीपाळीने रात्रंदिवस त्या बादलीजवळ बसून गेलेलं पाणी मोजलं आणि तेवढंच तोंडाने भरून दिलं. रुग्ण जेमतेम तीसच्या आत, पण सलाईनची गरज पाचात एकावर आली. 1968 मध्ये ते छापून आलं. त्या लेखावर रफिकुल इस्लाम आणि अब्दुल मजीद मोल्ला यांचीही नावं आहेत, आणि 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत हजारोंना हेच पाणी पाजून मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरून चारच्या खाली आणणारे दिलीप महालनबीस आपले कोलकात्याचे. कॅशचं नाव एकट्याचं घेऊ नका. त्यांनाही ते आवडलं नसतं.

पुढे कॅश बांगलादेशच्या ब्रॅक संस्थेबरोबर राहिले. 1980 पासून दहा वर्षांत तिथल्या बायकांनी दारोदार जाऊन कोटीभर घरांत आयांना शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणारीचा पगार तिने किती घरं केली यावर नव्हता. महिन्याने दुसरंच कुणी येऊन आईला काय आठवतं ते विचारायचं, त्यावर होता. आणि तरीही सुरुवातीला फार थोड्या घरांत ते वापरलं गेलं. शोधलं तेव्हा निघालं की शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता, स्वतःच्या घरी त्या जुलाबावरच्या गोळ्याच देत होत्या, आणि पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. ते दुरुस्त केल्यावर चित्र पालटलं. भाषणातला हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, पण वेळ बघून घ्या.

प्रात्यक्षिक असं करा. एक लिटरची बाटली न्या, तांब्या नको; प्रत्येक घरचा तांब्या वेगळा. चमचाही नको, पोह्यांचा तर मुळीच नको. औषधाच्या बाटलीबरोबर येतं ते 5 मिलीचं माप घ्या. सुरीने सपाट केलेली साखरेची सहा मापं, मिठाचं अर्धं माप, उकळून गार केलेलं लिटरभर पाणी. मग दुसऱ्या भांड्यात मुद्दाम शिगोशीग सहा मापं घाला आणि दोन्ही लोकांना चाखायला द्या. गोड लागतं म्हणून साखर वाढवली की ती आतड्यात उलट पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम चढतं, लहान मुलाच्या तर जिवावर बेततं. मिठाची चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको. ओआरएसची, म्हणजे याच मिश्रणाची दुकानात मिळणारी तयार पुडी असेल तर उत्तम, कारण घरच्या पाण्यात पोटॅशियम नसतं. पुडी लिटरची की 200 मिलीची ते वाचून, सगळी एकदम घालायची. अर्धी आज, अर्धी उद्या असं नाही. कालवल्यावर उकळायचं नाही, 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. खोक्यातली गोड फळांची पेयं म्हणजे हे नव्हे, ती त्यासाठी फार गोड असतात.

मोठ्या माणसाला दर जुलाबानंतर पेलाभर ते दोन पेले. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने. जुलाब थांबण्याची वाट पाहायची नाही. हे पाणी जुलाब थांबवत नाही, शरीर सुकू देत नाही. हे नीट सांगा, कारण ‘पाजलं तरी जुलाब चालूच’ म्हणून लोक ते सोडून देतात.

आता तुमच्या दोघांपुरतं. सत्तरीनंतर तहान नीट कळत नाही, त्यामुळे तोंड कोरडं पडेपर्यंत थांबू नका. आई, तुझी रक्तदाबाची गोळी लघवी जास्त करणारी आहे. जुलाब लागले तर ती घ्यायची की थांबवायची, आणि हे मिठाचं पाणी तुला किती चालेल, हे आत्ताच डॉक्टरांना विचारून त्यांच्याच कागदावर लिहून घे. रात्री दोनला ते सुचत नाही. सहा-आठ तास लघवी नाही, माणूस गुंगीत किंवा असंबद्ध बोलतो आहे, नाहीतर जुलाबात रक्त, यातलं एक जरी दिसलं तरी मापं मोजत बसायचं नाही, रिक्षा बोलवायची.

बाबा, मापाचं टोपण आणि तीन पुड्या फडताळाच्या वरच्या खणात ठेवा, खालच्यात मुंग्या येतात. भाषण झालं की कार्टरवर लोक काय बोलले ते कळवा.

तुमची,
लेक